त्या काळाच्या मानाने

मराठीतला एखादा शब्दप्रयोग कायमचा हद्दपार करण्याचा अधिकार मला कुणी दिला, तर मी फार विचार करणार नाही. ‘च्या मानाने’ हाच तो. मुलीच्या मानाने गणित चांगलं आहे. उर्दू शाळेच्या मानाने निकाल बरा लागला. आणि माझं सगळ्यात लाडकं: तुमच्या समाजाच्या मानाने तुम्ही फारच पुढारलेल्या आहात हो, मॅडम! हे शेवटचं वाक्य मी प्रशिक्षणवर्गात, निवडणुकीच्या ड्युटीवर, लग्नाच्या पंगतीत, इतकंच काय पण एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडूनही ऐकलंय. बोलणाऱ्याचा चेहरा प्रसन्न असतो. आपण मोठी भेट दिली, आता समोरचीने ‘शुक्रिया’ म्हणावं, अशी अपेक्षा असते. भाषेची शिक्षिका म्हणून सांगते, ‘मानाने’ या शब्दात मान नावालाच आहे. हे ग्रेस मार्क आहेत. पास केलंय, पण गुणपत्रिकेवर खूण करून.

गेल्या महिन्यात हे ग्रेस मार्क थेट अंतराळातून आले. स्टाफरूममध्ये विज्ञानाचे एक सर ‘स्टार ट्रेक’चे निस्सीम भक्त आहेत. मीही ती मालिका लेकीबरोबर पाहते हे कळल्यावर त्यांना आनंद झाला, आणि मी तोंड उघडल्यावर तो गेला. मी एवढंच विचारलं होतं, की ज्या यानावर चारशेवर माणसं आहेत तिथे कप्तानाला कॉफी द्यायला दरवेळी बाईच कशी उगवते? सर म्हणाले, ‘मॅडम, त्या काळाच्या मानाने ही मालिका खूप पुढारलेली होती.’ तेवढ्यात घंटा झाली आणि मी आठवी ब वर गेले. उत्तर राहिलं, ते इथे देते. जरा लांबेल.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर चालली. तीन हंगाम, ७९ भाग, निर्माते जीन रॉडेनबेरी. तेविसाव्या शतकातलं ‘एंटरप्राइज’ हे यान, त्याचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा, भावना नसलेला स्पॉक आणि सदा कुरकुरणारे डॉक्टर मॅकॉय. आता जे चांगलं आहे ते आधीच मान्य करते, म्हणजे मधेच कुणी हात वर करायला नको. अमेरिका-रशियाचं शीतयुद्ध ऐन भरात असताना या यानावर चेकॉव्ह नावाचा रशियन पोरगा बसवला होता. सुलू हा आशियाई चेहऱ्याचा माणूस यान चालवत होता. आणि अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांची लढाई रस्त्यावर चालू असताना उहुरा ही काळी बाई अधिकारी म्हणून पडद्यावर होती. हे सोपं नव्हतं. मग मला सांगा, ज्यांना मॉस्को आणि वॉशिंग्टन एका टेबलावर दिसले, त्यांना स्वतः उठून कॉफी घेणारा पुरुष का दिसला नाही?

कॉफीचा मुद्दा निघालाच आहे तर पहिल्या हंगामातला ‘द कॉर्बोमाइट मनुव्हर’ हा भाग पाहा. यानापुढे महाभयंकर संकट उभं आहे, सगळे मरायच्या बेतात आहेत. अशात कप्तानाची मदतनीस जॅनिस रँड कॉफी घेऊन येते. डॉक्टर विचारतात, मुदपाकखान्याची तर वीज गेलीय, मग कॉफी गरम कशी? ती सांगते, फेझरने केली. म्हणजे शत्रूचा कोळसा करणाऱ्या किरणांच्या पिस्तुलाने. आमच्या अम्मीने ओल्या लाकडांवर रमजानची सहेरी केली तेव्हा तिचं कुणी कौतुक केलं नव्हतं, म्हणून रँडबाईंचं मी मनापासून करते. पण याच भागात कप्तान कर्क वैतागून बोलतो, की माझ्या दिमतीला बाई मदतनीस देणारा मुख्यालयातला तो शहाणा मला एकदा भेटू दे. बाई नको, कॉफी हवी. हे वाक्य तेविसाव्या शतकातलं आहे हे सांगितलं नसतं, तर मी ते कुठल्याही सरकारी कार्यालयातलं समजले असते.

आता सरांच्या ‘त्या काळा’कडे येते. काळच तसा होता, लोकांना सुचणारच किती, असा तो युक्तिवाद. मालिकेचा पहिलाच नमुना-भाग या युक्तिवादाचा निकाल लावतो. १९६४ च्या अखेरीस चित्रित झालेला हा भाग, नाव ‘द केज’. त्यात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई आहे. तिला नाव नाही, सगळे ‘नंबर वन’ म्हणतात. शांत, तर्कशुद्ध, चेहऱ्यावर सुरकुती न हलवता निर्णय घेणारी. कप्तान बेपत्ता झाल्यावर यान तीच सांभाळते. आणि यानावरच्या सगळ्या बायका पुरुषांसारख्याच पँटमध्ये आहेत. म्हणजे सुचलं होतं! लिहिलं होतं, शिवलं होतं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. वाहिनीने तो भाग नाकारला. रॉडेनबेरी पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की वाहिनीला अधिकारपदावर बाई नको होती. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी नंतर लिहिलं, की बाईला विरोध नव्हता, त्या जागी रॉडेनबेरींनी आपली मैत्रीण घेतली याला होता. खरं काहीही असो. वाद दोन पुरुषांच्या टोळ्यांचा, जागा गेली बाईची.

पुढचं जास्त मजेदार आहे. त्या पहिल्या भागातला स्पॉक हसतो, आरडाओरडा करतो, चांगला भावनाप्रधान आहे. ‘नंबर वन’ला काढल्यावर तिचा थंड, तर्कनिष्ठ स्वभाव उचलून स्पॉकला देण्यात आला. जगभरचे पुरुष गेली साठेक वर्षं ज्याच्या तर्कबुद्धीवर लट्टू आहेत, तो स्पॉक एका बाईच्या बदलीच्या जागेवर रुजू झालेला आहे. चार्जसकट. आणि ती नटी, मेजल बॅरेट? तिला सोनेरी केस लावून नर्स चॅपल म्हणून परत आणलं. काम काय, तर डॉक्टरांच्या मागे उभं राहायचं आणि स्पॉकवर एकतर्फी प्रेम करायचं. म्हणजे बाईने आपल्याच जुन्या स्वभावावर झुरायचं. आमच्या शिक्षण खात्यातसुद्धा बदली इतकी क्रूर नसते.

याच भागातला आणखी एक प्रसंग मी लेकीला दोनदा दाखवला. कप्तान पाइक, म्हणजे कर्कच्या आधीचा, म्हणतो की यानाच्या नियंत्रणकक्षात बाई असण्याची मला सवयच होत नाही. ‘नंबर वन’ शेजारीच उभी असते, ती त्याच्याकडे बघते. तेव्हा तो सावरून घेतो: तुमचं नाही म्हणत, तुम्ही अर्थातच वेगळ्या आहात. तुम्ही वेगळ्या आहात! माझी लेक एकदम म्हणाली, ‘अम्मी, हे तर तुला म्हणतात ते.’ तेरा वर्षांच्या पोरीला जे ऐकता क्षणी कळलं, ते समजावायला मला इथे दोन हजार शब्द लागतायत.

या मालिकेत शिकलेल्या बायकांची परिस्थिती फार नाजूक आहे. ‘स्पेस सीड’ या १९६७ च्या भागात मार्ला मॅकगिव्हर्स नावाची इतिहासतज्ज्ञ आहे. शेकडो वर्षं झोपवून ठेवलेला खान नूनियन सिंग यानावर सापडतो. हा उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख, असा तिचा अंदाज. नाव पाहता शिखांनीच काय, आम्ही खानांनीही हरकत घ्यायला हवी होती. मालिकेच्या हिशेबाने हा खान १९९२ ते १९९६ या काळात आपल्याकडे राज्य करून गेला. मी तेव्हा शाळेत होते, मला आठवत नाही. तर मुद्दा असा, की हा गडी डोळे उघडतो, तिचे केस कसे असावेत हे तिला सांगतो, स्वतः सोडूनही दाखवतो, हात पिरगाळतो, आणि ही विदुषी अख्खं यान त्याच्या हवाली करते. अकबरापासून नेपोलियनपर्यंत सगळ्यांचा अभ्यास केलेली बाई अंबाड्यावरून हरली. ‘हू मोर्न्स फॉर अडोनिस’ या भागातल्या कॅरोलिन पालामस पुरातत्त्वाच्या जाणकार. त्यांच्याकडे कौतुकाने बघत डॉक्टर मॅकॉय कप्तानाला म्हणतात, की एक दिवस हिला योग्य पुरुष भेटेल आणि ही नोकरी सोडून जाईल. माझ्या बीएडनंतरच्या पहिल्या मुलाखतीत एका संस्थाचालकांनी हेच विचारलं होतं, फक्त ते चष्मा पुसत होते. म्हणजे तीनशे वर्षं पुढे जाऊनही मुलाखतीतला तो प्रश्न काही सुटलेला नाही.

शिक्षिका म्हणून मला सगळ्यात झोंबलेला भाग मात्र ‘द चेंजलिंग’. नोमॅड नावाचं एक भटकं यंत्र यानावर येतं. उहुरा काम करता करता गाणं गुणगुणत असते. यंत्राला गाण्याचा अर्थ कळत नाही, म्हणून ते तिच्या मेंदूतलं सगळं पुसून टाकतं. सगळं म्हणजे सगळं. भाषा, शिक्षण, अनुभव. स्पॉक यंत्राला सांगतो की ही बाई आहे. यंत्राचं निदान असं, की हा तर परस्परविरोधी उर्मींचा गोळा दिसतो. ठीक आहे, यंत्रच ते, त्याला कोण काय बोलणार. माझा राग पुढच्या भागावर आहे. नर्स चॅपल उहुराला पडद्यावर पहिलीच्या पुस्तकासारखे शब्द दाखवून वाचायला शिकवते, मधेच उहुरा स्वाहिली बोलायला लागते, आणि भाग संपताना डॉक्टर सांगतात की ती कॉलेजच्या पातळीला पोचलीय, आठवड्यात कामावर येईल.

आठवड्यात! मी बावीस वर्षं पोरांना शिकवतेय. जोडाक्षरांना एक पावसाळा जातो. पण हाही मुद्दा सोडून देते. त्या बाईच्या आयुष्यातला प्रत्येक दिवस पुसला गेला. तिची आई, तिचं गाव, तिचं बालपण, सगळं. पुढच्या भागात ती खुर्चीवर बसून ‘संपर्क सुरू आहे, कप्तान’ म्हणते आणि कुणी त्याचं नावही काढत नाही. स्पॉकचा मेंदू चोरीला गेला तेव्हा मात्र काय झालं? तिसऱ्या हंगामाचा पहिला अख्खा भाग, नावच ‘स्पॉक्स ब्रेन’. आकाशगंगा पालथी घातली. पुरुषाचा मेंदू हरवला तर मोहीम, बाईचा पुसला तर उजळणी वर्ग.

त्या ‘स्पॉक्स ब्रेन’ची कथा तर ऐकाच. एका ग्रहावर जमिनीखाली बायकांचं राज्य आहे आणि त्या सगळ्या बालबुद्धीच्या. मेंदू चोरणाऱ्या बाईलाच मेंदू म्हणजे काय हे ठाऊक नाही. मग तिने शस्त्रक्रिया केली कशी? तर ‘शिक्षक’ नावाचं एक शिरस्त्राण आहे, ते डोक्यावर घातलं की काही तासांपुरतं ज्ञान येतं आणि उतरून जातं. (आमच्या दहावीच्या सराव परीक्षेत हे यंत्र कार्यरत असावं असा मला दाट संशय आहे.) शेवटी तेच शिरस्त्राण डॉक्टर मॅकॉय घालतात आणि मेंदू परत बसवतात. बायकांचं काय? कर्क त्यांना सांगतो, आता वर बर्फात या, पुरुषांबरोबर राहायला शिका. बायकांचं राज्य बुडालं याचं दुःख नाही, पण ते शिरस्त्राण त्यांच्याकडेच ठेवून अभ्यासाचं वेळापत्रक करून द्यावं, असं यानावरच्या एकाही विद्वानाला वाटलं नाही.

इथवर हसता येतं. ‘द एनिमी विदिन’ या भागावर मला हसता येत नाही. यंत्रातल्या बिघाडामुळे कर्कचे दोन कर्क होतात, एक भला आणि एक दुष्ट. दुष्ट कर्क रँडच्या खोलीत शिरून तिच्यावर जबरदस्ती करतो. ती झटते, त्याच्या तोंडावर ओरखडे काढते, सुटते. नंतर तिला भल्या कर्कसमोर, डॉक्टर आणि स्पॉकसमोर उभं राहून हे सगळं सांगावं लागतं. आणि रडत रडत ती म्हणते, की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी तर याचा उल्लेखही केला नसता. वर्गशिक्षिका म्हणून मी हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मुलींच्या तोंडून ऐकलंय. लिहिणाऱ्याने ते अगदी खरं लिहिलंय, हे मान्य. पण भागाचा शेवट काय? सगळं आलबेल झाल्यावर तर्कनिष्ठ स्पॉक रँडला विचारतो, की त्या तोतयात काही रंजक गुण होते, नाही का? पाठोपाठ भाग संपतो. हे १९६६ मध्येही गलिच्छच होतं. त्या ‘काळा’तही बायकांना हे कळत होतं, फक्त त्यांना विचारलं नव्हतं. रँड पहिल्याच हंगामात, थोड्याशा भागांनंतर मालिकेतून गायब झाली. कर्क राहिला.

मालिकेचा शेवटचा भाग ३ जून १९६९ चा, ‘टर्नअबाउट इंट्रूडर’. जॅनिस लेस्टर नावाची शास्त्रज्ञ कर्कशी शरीराची अदलाबदल करते, कारण तिला कप्तान व्हायचं होतं आणि यानांच्या कप्तानांच्या जगात बायकांना प्रवेश नाही. हे अन्यायाचं आहे असं ती म्हणते. कर्कही म्हणतो, हो, अन्यायाचंच आहे, पण त्यासाठी तू मला छळलंस. संपला विषय! अन्याय झाला हे कबूल, तक्रार करणारी वेडी. खुर्चीत बसल्यावर ती किंचाळते, नखं पाहते, सगळ्यांना फाशी द्यायला निघते. मालिकेचे अगदी शेवटचे शब्द कर्कचे आहेत. हिचं आयुष्यही इतर कुठल्याही बाईइतकंच समृद्ध होऊ शकलं असतं, असा हळहळीचा सूर. म्हणजे बाईइतकंच. त्या पलीकडे नाही.

आता काढाच तो काळ. १९६० मध्ये श्रीलंकेत सिरिमावो बंडारनायके पंतप्रधान झाल्या. १९६३ च्या जूनमध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा खऱ्याखुऱ्या अंतराळात जाऊन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आल्या. १९६६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, मालिका सुरू झाली सप्टेंबरात. पृथ्वीवर बायका देश चालवत होत्या आणि हॉलिवूडच्या पुठ्ठ्याच्या यानात त्यांना खुर्ची मिळत नव्हती. ती मिळाली तर शत्रूकडे. रोम्युलन जहाजावर एक बाई सेनानी आहे, तीही बिननावाची, आणि स्पॉकच्या प्रेमात पडून फसणारी.

आणि सरांनी ‘काळ’ काढलाच आहे, तर मी ‘समाज’ही काढते. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट छापून आली. लेखिका रोकेया सखावत हुसेन. बंगालमधली मुसलमान बाई, लहानपणी पडद्यात वाढलेली, शाळेत कधी पाठवलंच नाही, इंग्रजी शिकली ती रात्री मोठ्या भावाकडून. तिच्या गोष्टीतल्या स्त्रीराज्यात उडत्या गाड्या आहेत. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, धूर नाही. ढगांतून पाणी खाली ओढून घेणारा फुगा आहे. पुरुष मर्दान्यात बसून घर सांभाळतात. बायका कचेरीचं काम दोन तासांत आटोपतात, कारण पुरुषांचे बाकीचे तास चिरूट ओढण्यात जात होते असा हिशेब तिने मांडलाय. आमच्या कचेऱ्यांत आता चिरूट नाहीत, मोबाइल आहेत. हिशेब तोच बसतो. शत्रूचं सैन्य चालून येतं तेव्हा त्याला कोण पळवतं? विद्यापीठाच्या प्राचार्या आणि त्यांच्या दोन हजार विद्यार्थिनी, सूर्यकिरण एकवटून. हातात किरणांचं शस्त्र आहे, आणि एकीलाही त्यावर कॉफी गरम करायचं सुचत नाही! पुरुषांना कोंडून ठेवणं मलाही पटत नाही, पण आधी निदान स्वप्नाचा आकार तरी बघा. पुढे याच बाईने १९११ मध्ये कोलकात्यात मुलींची शाळा काढली, ती आजही चालू आहे. ‘एंटरप्राइज’ उडायच्या एकसष्ट वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा हॉलिवूडची ही मालिका मुसलमान समाजाच्या मानाने जरा मागासलेलीच होती, असं म्हटलं तर चालेल का?

ही मालिका तगली तीसुद्धा बायकांमुळे. ती बनवणाऱ्या डेसिलू स्टुडिओच्या प्रमुख ल्युसिल बॉल होत्या. तिच्या उत्तम भागांपैकी कितीतरी लिहिणारे डी. सी. फोंटाना म्हणजे डोरोथी फोंटाना. नावाची आद्याक्षरं लावली, की वाचणारा पुरुष समजतो, म्हणून. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद पडत होती तेव्हा ब्यो ट्रिंबल या चाहतीने नवऱ्यासह पत्रांची मोहीम उभारली आणि वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला. कॅमेऱ्यामागे, टंकलेखनयंत्रावर, पोस्टाच्या रांगेत बायका. कॅमेऱ्यासमोर आल्या की ट्रे.

उरली उहुरा. हे नाव स्वाहिलीतल्या ‘उहुरू’वरून घेतलंय, अर्थ स्वातंत्र्य. स्वाहिलीत तो शब्द अरबीतून गेला, ‘हुर्र’वरून, म्हणजे जो गुलाम नाही तो. उर्दूत आम्ही त्याच मुळाचा ‘हुर्रियत’ शिकवतो, आणि मुहर्रममध्ये ज्यांची आठवण निघते त्या हजरत हुर्रचं नावही तेच. मालिकेत या बाईला तीन वर्षांत पहिलं नावसुद्धा मिळालं नाही, पण आडनाव असं मिळालं. निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर कंटाळून सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, असं त्या सांगत. ग्रेस मार्क देणाऱ्यांनी हा किस्सा नेहमी सांगावा, पण पुढचाही सांगावा. १९७७ मध्ये याच निकोल्स नासासाठी बायकांना आणि काळ्या उमेदवारांना अर्ज करा म्हणून सांगत देशभर फिरल्या. १९७८ च्या तुकडीत अमेरिकेने पहिल्यांदा ६ बायका निवडल्या.

पडद्यावर मात्र उहुराला यानाचा ताबा घ्यायला १९७३ उजाडलं, तोही कार्टूनमध्ये. ‘द लोरेलाय सिग्नल’ या भागात एका ग्रहावरच्या बायकांच्या मोहिनीने यानावरचे सगळे पुरुष बधिर होतात, कर्क आणि स्पॉक म्हातारे होत जातात. तेव्हा उहुरा सरळ सांगते की आता यान मी चालवणार, आणि नर्स चॅपलला व इतर बायकांना घेऊन त्या पुरुषांना सोडवून आणते. चॅपलचा आवाज मेजल बॅरेटचाच. भागाची लेखिका मार्गारेट आर्मेन. सगळं मिळून वीस-बावीस मिनिटं. मग पुरुष बरे झाले, आणि पुढच्या भागात उहुरा पुन्हा कानात ते यंत्र घालून निरोप घ्यायला बसली.